अनाशी ढाकाचा सण आणि शिराळ्यातली खानावळ

रमजानचा चौथा की पाचवा रोजा होता. सकाळची शाळा आटोपून मी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून मैत्रीण बोलत होती. इकडचं तिकडचं काही न बोलता तिनं थेट विचारलं, "अगं, तुमच्या शिराळ्यात अकरा माणसांना पेसाहचं जेवण मिळेल असं एखादं हॉटेल आहे का?"

मला हसूच आलं. शिराळ्यात मटणाचं ताट मिळतं, वडापाव तर पावलोपावली मिळतो. पेसाहचं जेवण मागणारं गिऱ्हाईक मात्र इथल्या एकाही हॉटेलवाल्यानं आजवर पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

ही गोष्ट २०२३ सालची. तिचे इस्राएलमधले नातेवाईक सणासाठी पुण्याला येणार होते. पेसाहची पहिली रात्र, म्हणजे सेदरची रात्र, त्या वर्षी ५ एप्रिलला होती. ती पुण्यात घरीच होणार होती. त्यानंतर सणाच्या मधल्या दिवसांत त्यांना शिराळा बघायचं होतं, कारण त्यांचे पणजोबा इंग्रजी अमदानीत इथं सरकारी नोकरीला होते. तेव्हा शिराळा वाळव्याचा पेटा होता आणि जिल्हा सातारा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि पुढे त्याचं नाव सांगली झालं. पणजोबांबद्दल घरात उरलेली आठवण एवढीच, की शिराळ्याच्या नागपंचमीला जिवंत नाग घेऊन लोक दारात आले तेव्हा पणजीनं दाराला आतून कडी घातली ती दुसऱ्या दिवशीच काढली. एवढ्या आठवणीसाठी तीन पिढ्यांनंतर माणसं समुद्र ओलांडून येत होती. त्यांना जेवायला मिळालं नाही, तर शिराळ्याची लाज ती माझी लाज.

या मैत्रिणीची आणि माझी ओळख जेवणावरूनच झाली. वीस वर्षांपूर्वी पुण्यात बी.एड. करताना आम्ही एकाच वसतिगृहात होतो. बुधवारी मेसमध्ये मटण असायचं. मी खायचे नाही, कारण ते कुणी कापलं, कसं कापलं ते माहीत नसायचं. पंगतीच्या टोकाला आणखी एक मुलगी दर बुधवारी नुसतं वरण-भात खायची. आडनावाच्या शेवटी 'कर', बोलणं अलिबागकडचं. मला वाटलं माळकरी घरातली असेल. तिला वाटलं माझं पोट बिघडलेलं असतं. महिनाभरानं एकमेकींना विचारलं, तेव्हा कळलं की दोघींचं कारण एकच होतं. ती बेने इस्राएल. म्हणजे मराठी यहुदी.

ज्यांना हा समाज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वी जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ग्रंथ, कागद, सगळं समुद्रात गेलं. किनाऱ्यावरच्या गावांत ही माणसं तेल गाळून राहू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. गावावरून आडनावं पडली, किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर. भाषा मराठी झाली, बायकांची लुगडी मराठी झाली. इब्री भाषा गेली. ग्रंथच नव्हता, तर भाषा राहणार कशी? एक 'शेमा'ची प्रार्थना तेवढी पाठ होती. सुखाला तीच, दुःखाला तीच.

मग राहिलं काय? आठव्या दिवशीची सुंता राहिली, शनिवार राहिला, आणि खाण्यापिण्याचे नियम राहिले.

यांच्यात एक गोष्ट सांगतात. कोचीनकडून डेव्हिड रहाबी नावाचा जाणकार कोकणात आला. हे लोक खरोखर आपलेच का, हे त्याला पारखायचं होतं. त्यानं बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "हे आम्ही खात नाही." रहाबीची खात्री पटली. रहाबीचा काळ कुणी फार जुना सांगतात, कुणी अठराव्या शतकातला. मला त्या काळापेक्षा ती टोपली महत्त्वाची वाटते. माणसाची ओळख पोथीतून पुसली गेली तरी चुलीपाशी शिल्लक राहते. रहाबीनं तीन घराण्यांना धर्मकार्य शिकवलं आणि त्यांना नाव पडलं 'काजी'. होय, काजी. यहुद्यांचे काजी.

वसतिगृहात ती पहिल्यांदा म्हणाली, "उद्या माझा रोजा आहे," तेव्हा मी दचकले होते. तुझा कसला रोजा? ती म्हणाली, "बिरड्याचा." श्रावणाच्या सुमारास त्यांच्यात एक कडक उपास असतो, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा. जुन्या बेने इस्राएलांना ते मंदिर आठवत नव्हतं. उपास सोडताना वालाचं बिरडं खायचं, एवढं आठवत होतं. म्हणून तो बिरड्याचा रोजा.

त्यांची सगळी जुनी सणावळच अशी मराठी आहे. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा मोठा उपास तो दारफळणीचा सण, म्हणजे दारं लावून घेण्याचा. त्या दिवशी पांढरे कपडे घालून घरात बसायचं, बाहेरच्याला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी, तो शिळा सण. त्याच सुमाराचा खिरीचा सण. फाल्गुनात पुरीम यायचा, त्याला म्हणत होळीचा सण. आणि वर्षारंभाच्या आधीच्या महिन्यात जे उपास धरत त्यांना म्हणत रमजान! हे सगळं हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी लिहून ठेवलं आहे. मुंबईत १८७५ मध्ये बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढणारे हे गृहस्थ. आज ती सर एली कदूरी शाळा म्हणून माझगावात उभी आहे. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं. मराठी माणसाच्या हस्तलिखिताचं नशीब धर्मानं बदलत नाही, दुसरं काय!

रोजा, काजी, रमजान हे शब्द त्यांनी आपल्याकडून उचलले हे उघड आहे. त्यांच्या प्रार्थनास्थळालाही ते मशीदच म्हणायचे. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्याच मशिदीवरून पडलं असं सांगतात. दिवेकर इंग्रजांच्या पलटणीत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. तिथं त्यांनी आपली जात बनी इसराईल सांगितली. कुरआनात हे नाव जागोजागी येतं, ती माणसं प्रत्यक्षात असतात हे कळल्यावर टिपूच्या आईनं त्यांना सोडवलं, अशी आख्यायिका आहे. सुटका झाली तर देवाचं घर बांधीन, हा नवस त्यांनी मुंबईत फेडला. आख्यायिका ती आख्यायिका. पण 'यहूद' म्हणण्यापेक्षा 'बनी इसराईल' म्हणणं मुसलमान शेजाऱ्यांत जास्त मानाचं होतं, म्हणून समाजानं हेच नाव धरून ठेवलं, असं काही अभ्यासकही म्हणतात.

आता पेसाहकडे येते, कारण खरी अडचण तिथंच होती.

हजरत मूसा आपल्या लोकांना घेऊन मिसरमधून, फिरऔनच्या गुलामीतून निघाले. घाई इतकी की कणीक फुगायलाही वेळ नव्हता. तशीच बिनखमिराची रोटी भाजून घेतली. त्याची आठवण म्हणून या सणात खमीर वर्ज्य. नुसता पाव नव्हे, गहू-जवाचं जे जे पाणी लागून फुगू शकतं ते सगळं वर्ज्य. त्याला इब्रीत 'हामेत्स' म्हणतात. इस्राएलमध्ये सात दिवस, बाहेर आठ दिवस हा प्रकार घरात ठेवायचासुद्धा नाही. खायची ती 'मात्सा', पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजलेली पातळ कडक रोटी.

उर्दू शिकवणाऱ्या बाईची एक खोड सहन करा. इब्रीतला हामेत्स आणि अरबीतला 'हामिज़' हे सख्खे भाऊ. हामिज़ म्हणजे आंबट. म्हणजे हा सण मुळात आंबलेलं दूर ठेवण्याचा. आणि कोकणातल्या बेने इस्राएलांनी पेसाहला काय नाव ठेवलं होतं? अनाशी ढाकाचा सण. अनास म्हणजे तोंडीलावण्यासाठी आंबट पाणी भरून ठेवलेलं भांडं. ते भांडं झाकून ठेवायचा सण! मूसा विसरले, मिसर विसरलं, समुद्र दुभंगला ते विसरलं, सणाचं इब्री नावही गेलं. आणि शेकडो वर्षं कोकणातली एखादी आजी चैत्राच्या पुनवेला आंबटाच्या मडक्यावर झाकण ठेवत राहिली. का ठेवायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला या एका नावापुढे मोठमोठे शिलालेख फिके वाटतात.

एकोणिसाव्या शतकात विसरलेलं परत मिळालं, तेही मजेशीर वाटेनं. कोचीनचे यहुदी शिक्षक आलेच, पण ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही हात लावला. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी इब्रीचं व्याकरण मराठीतून तयार केलं. धर्मांतराच्या आशेनं शिकवलेल्या इब्रीचा उपयोग बेने इस्राएलांनी आपला धर्म पक्का करायला केला. सेदरच्या रात्री जी हग्गादा वाचतात ती मुंबईत १८४६ मध्ये मराठीसह छापली गेली आणि पुण्यात १८७४ मध्ये चित्रांसह निघाली. त्या पुण्याच्या प्रतीत मात्सा करणाऱ्या बायका आहेत, आणि त्या नेसल्या आहेत लुगडी! मिसरमधून सुटकेची गोष्ट, आणि तयारी करणाऱ्या बायका आपल्या पेठांतल्या.

पेसाहच्या आधी घराला चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई. बकऱ्याच्या रक्तात पंजा बुडवून त्याचा ठसा कागदावर उठवायचा आणि तो दारावर लावायचा, हेही बेने इस्राएल घरांत होतं. दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून पिळलेलं सरबत. खजुराचा शिरा. यात हॉटेल कुठं येतं? कुठंच नाही. हा सण घरच्या चुलीवरचा. पूर्वी घरं भरलेली होती तेव्हा बाहेर जेवायचा प्रश्नच नव्हता. १९४८ नंतर घरं रिकामी होत गेली. वीसेक हजारांच्या समाजातले बहुतेक इस्राएलला गेले, इथं काही हजार उरले. तिकडेही सुख लगेच मिळालं नाही. तुम्ही पुरते यहुदी का, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठानं लग्नांच्या बाबतीत उभा केला, बेने इस्राएलांनी त्याविरुद्ध निदर्शनं केली, आणि १९६४ मध्ये तो वाद मिटला. आता मुंबई-ठाण्यात सिनेगॉगच्या हॉलमध्ये एकत्र सेदर होतो, कारण घरोघरी करायला माणसं कमी पडतात.

तर मला हवी होती कल्हई केलेल्या भांड्याइतकी स्वच्छ खानावळ, आणि गहू नसलेलं जेवण.

पहिल्या हॉटेलवाल्यानं पुरतं ऐकूनच घेतलं नाही. "चपाती नको, पाव नको, भजी नको, मग काय खाणार, मॅडम?" दुसऱ्या ठिकाणी बोलणं पुढे गेलं. मालक हिशेबाला बसला, आणि पाहुणे कुठले म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यानं माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "तुम्ही? त्यांच्यासाठी?" मी उठले. घरी आले तर एका चुलत सासऱ्यांना बातमी आधीच लागलेली. रमजानच्या महिन्यात यहुद्यांना जेवू घालायला निघालीस? मी म्हटलं, चाचा, सूरह माइदा काढून बघा, अहले किताबचं अन्न आपल्याला आणि आपलं त्यांना हलाल ठरवलंय. ते काही बोलले नाहीत, पण इफ्तारीला आले नाहीत.

मटणाचा विचार मी आधीच सोडला होता, खरं तर तोच विषय मला जवळचा. माझे आजोबा गावचे मुलाणी. आपल्या भागात मुलाणी हा गावगाड्यातला माणूस. जत्रेला बकरं मराठ्याचं असो की धनगराचं, सुरी आजोबांच्या हातात. अल्लाचं नाव घेऊन कापायचं, आणि मग नैवेद्य देवीला. त्याबद्दल मटणाचा वाटा आणि सुगीला बलुतं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. यहुदी कापणाऱ्याचं कामही असंच, सुरीला खाच नसावी, एका हातात गळा कापला जावा, रक्त वाहून जावं. पण त्यांना त्यांचाच माणूस लागतो, शिवाय मांस मिठात घालून उरलेलं रक्त काढायचं, मांसाबरोबर दूध-दही नाही. हे खानावळीत जमणारं नव्हतं. बाहेर जेवायची वेळ आली की मैत्रीण शाकाहारीच खाते, तीसुद्धा नाना प्रश्न विचारून.

तिसऱ्या दिवशी पेठच्या रस्त्याला एक छोटी खानावळ सापडली. नवरा-बायको आणि मालकाची आई. मी गव्हाचं पुराण लावलं. म्हातारीनं मध्येच तोडलं, "म्हंजी उपासच की वो, बाई!"

मी गप्प झाले.

"साबुदाणा चालतोय? वरी चालती? बटाटा चालतोय? मग आणि काय पायजे?"

साबुदाणा, वरी, राजगिरा, बटाटा, रताळं, शेंगदाणे. एकादशीच्या ताटात गव्हाचा कण नसतो. जे मी चार दिवस शोधत होते ते दर पंधरा दिवसांनी प्रत्येक हिंदू घरात शिजतं. शिवाय ९ एप्रिलला रविवार, आणि त्याच दिवशी संकष्टी. म्हातारी म्हणाली, त्या दिवशी उपवासाचं होणारच आहे, अकरा माणसं जास्त झाली तर काय मोठंसं.

मी पुण्याला फोन लावला. मैत्रीण आधी हसली, मग प्रश्न सुरू केले. हिंग? बाजारातल्या हिंगात मैदा असतो. म्हातारी म्हणाली, उपासाला हिंग कोण घालतंय? भांडी? मी बाजारातून नवं कोरं पातेलं आणि दोन पळ्या घेऊन दिल्या. ताटं? पत्रावळी आणि द्रोण. तेल? नवा डबा त्यांच्यासमोर फोडायचा. मग आणखी एक गाठ निघाली. पाहुण्यांत एक जावई होता, त्याचे आईवडील युरोपातून इस्राएलला आलेले. तिकडच्या यहुद्यांत पेसाहला तांदूळ, डाळी, शेंगदाणेही चालत नाहीत. बेने इस्राएलांना तांदूळ चालतो, नाहीतर कोकणातला माणूस आठ दिवस जगेल कशावर? एकाच सणाचे, एकाच घरात दोन नियम. मी ओशाळून हे म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यातबी तसंच. कुणाला उपासाला कोथमीर चालती, कुणाला न्हाई." जावयासाठी कूट न घातलेली बटाट्याची भाजी, रताळी आणि दही ठरलं.

त्या दिवशी माझा सतरावा रोजा होता. पाहुणे दुपारी आले, गोरखनाथाच्या मठाकडे गेले, जुन्या कचेरीची जागा शोधत फिरले. कुणालाच नक्की सांगता येईना. संध्याकाळी खानावळीच्या मागच्या पडवीत सतरंज्या टाकल्या. त्यांच्यात सर्वांत थोरल्या मावशी होत्या, साठच्या दशकात अलिबागेहून गेलेल्या. त्यांची मराठी तिथंच थांबलेली, आपण आता टीव्हीवर ऐकतो तशी नाही. मुलं-नातवंडं आपसांत इब्री बोलत होती आणि मावशींशी मोडक्या मराठीत. मावशींनी मला विचारलं, "तुझा रोजा सुटायचा ना ग? मग आम्ही थांबतो." अकरा माणसं पत्रावळीपुढं बसून माझ्या मगरिबची वाट बघत राहिली.

पावणेसातच्या सुमारास अजान ऐकू आली. मी पिशवीतून खजूर काढत होते, तेवढ्यात मावशींनी एक बाटली पुढे केली. सेदरच्या रात्रीचा उरलेला खजुराचा शिरा. "यानं सोड." मी त्यानं रोजा सोडला. मग त्यांनी इस्राएलहून आणलेल्या मात्साच्या पेटीतून एक रोटी काढली, दुआ म्हटली, मोडली, आणि सगळ्यांना एकेक तुकडा दिला. मला दिला, म्हातारीलाही दिला. म्हातारीनं तो हातात फिरवून बघितला. "मीठ न्हाई वाटतं," म्हणाली. पण तिचा उपास, गव्हाचं कसं खाणार? चंद्र उगवायला अजून अवकाश होता. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला.

वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी मावशींनी दोनदा घेतली. साबुदाण्याची खिचडी पोरांनी मोबाईलवर टिपली. जावई रताळ्यावर खूश होता. मावशी मलिद्याच्या आठवणी सांगत होत्या. आपल्याकडे दर्ग्यावर मलिदा करतात तो चपातीचा. त्यांचा मलिदा पोह्यांचा, त्यात खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळं मांडायची, आणि तो एलियाहू हन्नबीच्या नावानं. आपले हजरत इलियास ते हेच. एलियाहूंचा रथ अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर टेकला, तिथं खूण आहे, असं त्यांच्यात मानतात. सरकारी कचेरीत मलिदा शब्दाचा काय अर्थ होतो तो मी मावशींना सांगितला नाही.

बिल देताना मालक पैसे घेईना, आई ओरडेल म्हणाला. शेवटी पत्रावळीचे आणि तेलाचे घेतले. नवं पातेलं मी तिथंच ठेवलं, परत आले तर उपयोगी पडेल म्हणून.

त्यानंतर सहा महिन्यांनी ऑक्टोबर उजाडला. ७ तारखेला इस्राएलमध्ये जे झालं ते मी टीव्हीवर बघितलं आणि रात्री मैत्रिणीला फोन केला. तिचे लोक सुखरूप होते. त्यानंतर गाझामध्ये जे सुरू झालं तेही बघितलं. मुलांची प्रेतं बघून आमच्या घरात कित्येक रात्री जेवण गेलं नाही. त्या अकरा जणांत विशीतली दोन मुलं होती. ती आता कुठे आहेत, हे मी तिला विचारलं नाही. गाझाची छायाचित्रं बघून माझ्यावर काय गुजरतं, हे तिनंही विचारलं नाही. आम्ही एकमेकींना सणांचे निरोप धाडतो, नव्याच्या सणाला मी, ईदला ती. त्यापलीकडचं काही लिहायला घेतलं की दोघींचीही बोटं अडतात. वीस वर्षांत आम्ही एकमेकींना खूप प्रश्न विचारले होते, अगदी हिंगापर्यंतचे.

शाळेत हल्ली 'यहुदी' हा शब्द मुलं शिवीसारखा वापरतात. मी त्यांना भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेचं सांगते. यहुदी विश्वस्तांची शाळा, आणि तिथं शिकणारी मुलं बहुतांश मुसलमान. मी त्यांना जोसेफ डेव्हिड यांचं नाव सांगते. हे पेणकर. 'आलम आरा' हा १९३१ चा आपला पहिला बोलपट त्यांच्या नाटकावरून निघाला. आपण ज्या उर्दूला आपली म्हणतो ती पहिल्यांदा पडद्यावर बोलली ती एका मराठी यहुद्यानं लिहिलेल्या गोष्टीत. एका मुलानं विचारलं, "बाई, मग ते गाझात असं का करतात?" मी त्याला म्हटलं, पेणकरांना नाही विचारता येणार ते, ज्यांनी केलं त्यांना विचारायचं. तो मुलगा समाधानी दिसला नाही. त्याच्या जागी मीही झाले नसते.

मागच्या रमजानात पेठेहून येताना खानावळीपाशी थांबले. म्हातारी थकली आहे, पण ओळखलं. "ते उपासवालं पावणं पुन्यांदा कधी येनार?" म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही. ती आत गेली आणि सुनेला म्हणाली, बाईंना पातेलं दाखव. फडताळात वरच्या फळीवर ते पालथं घातलेलं होतं, स्वच्छ. त्यात फक्त एकादशीचं आणि संकष्टीचं शिजतं, बाकी दिवस त्याला कुणी हात लावत नाही, असं सून सांगत होती.